आमच्या बंधाऱ्यावर पहिला धोबी कधी आला?

इंदापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्या दोन वर्षांपासून गावाजवळच्या बंधाऱ्यावर पक्षी बघतात. २१ ऑगस्टला त्यांनी पक्षीमित्रांच्या ग्रुपवर ‘यंदाचा पहिला पांढरा धोबी आला’ असं लिहून एक धूसर फोटो टाकला. पांढरा धोबी म्हणजे पाण्याकाठी शेपटी हलवत फिरणारा, हिवाळ्यासाठी येणारा पाहुणा पक्षी. ‘ऑगस्टमध्ये शक्यच नाही’ एवढंच उत्तर आलं आणि त्यांनी ती नोंद काढून टाकली. आता त्या विचारतात: नोंद नेमकी कशी लिहायची, खात्री नसेल तर लिहायचीच नाही का, आणि जागा सांगायची की नाही?

ताई, आधी त्या धोब्याचं बघू. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची वाट तिथूनच जाते.

तुमचा फोटो मी मोठा करून बघितला. पक्षी पाठमोरा आहे, पण मान थोडी वळलेली आहे. पाठ करडी-तपकिरी, डोळ्यावर पांढरी भुवई, आणि ती भुवई थेट चोचीच्या मुळापासून निघालेली. दोन भुवयांच्या मधलं कपाळ गडद आहे. तो पांढरा धोबी नाही, आपल्याकडं बारा महिने राहणारा पांढऱ्या भुवईचा धोबी आहे, आणि यंदाचं पिल्लू आहे. मोठ्या पक्ष्यात गोंधळ होत नाही, कारण त्याचं डोकं आणि पाठ काळी कुळकुळीत असते. पिल्लांमध्ये तो काळा रंग अजून भरलेला नसतो. पावसाळ्याच्या शेवटी ती एकटी फिरायला लागली की करडी दिसतात आणि नेमकी पाहुण्यासारखी वाटतात. पाहुण्या पांढऱ्या धोब्याच्या चेहऱ्यावर काळा रंग उपप्रजातीप्रमाणे कमी-जास्त होतो, पण कपाळ पांढरं असतं. पुढच्या वेळी आधी कपाळ बघा, मग पाठ.

म्हणजे ओळख चुकली होती. पण ‘ऑगस्टमध्ये शक्यच नाही’ हे उत्तरही मला पटलं नाही. महिना हा पुरावा नव्हे. पक्ष्याच्या अंगावर काय दिसलं ते सांगायला हवं होतं. ऑगस्टमध्ये पाहुणे येतात की. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी तर जुलै संपता संपता चिखलावर हजर होतात. उत्तरेकडं वीण आटोपली की या चिखलपक्ष्यांतले मोठे आधी निघतात, पिल्लं मागून येतात, आणि आई-बापाशिवाय येतात. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, त्याही ऑगस्टमध्ये दिसायला लागतात. ज्वारी भरण्याच्या कितीतरी आधी त्या आलेल्या असतात. गोफण फिरायला लागल्यावर आपलं लक्ष जातं एवढंच. करडा धोबी सह्याद्रीतल्या ओढ्यांवर ऑगस्टअखेर-सप्टेंबरात उतरतो. पांढरा धोबी त्यामानानं सावकाश येतो, सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबर. त्यामुळं २१ ऑगस्टची नोंद वाचून शंका येणं रास्त होतं. शंका आली की विचारायचं असतं, ‘कपाळ कसं होतं?’ एवढं विचारलं असतं तर तुम्हीच फोटो पुन्हा बघितला असता.

या पांढऱ्या धोब्याबद्दल एक सांगतो, कारण मला ते फार आवडतं. त्याच्या एका उपप्रजातीचं शास्त्रीय नाव आहे ‘डुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या भागात फिरून पक्ष्यांच्या नोंदी केल्या आणि १८३२ साली हे नाव दिलं. पक्षी वीण करतो पश्चिम सायबेरियाकडं, पण नावावर दख्खन कायमचं बसलं, कारण कोणीतरी इथं त्याला नीट बघून लिहून ठेवलं.

आता मुख्य गोष्ट. ‘पहिला पक्षी अमुक तारखेला दिसला’ या वाक्यात निम्मीच माहिती आहे. समजा तुम्ही लिहिलंत की थिरथिरा हा हिवाळी पाहुणा ४ ऑक्टोबरला आला. पण त्याआधी बंधाऱ्यावर कधी गेला होता? ३ तारखेला जाऊन तासभर शोधून तो दिसला नसेल, तर ४ ऑक्टोबर या तारखेला मोठी किंमत आहे. त्याआधीची फेरी १२ सप्टेंबरची असेल, तर थिरथिरा मधल्या बावीस दिवसांत केव्हाही आलेला असू शकतो. ४ ऑक्टोबर ही फक्त तुमच्या सुट्टीची तारीख झाली. म्हणून ‘गेले, पाहिलं, नव्हता’ ही नोंद ‘दिसला’ इतकीच मोलाची आहे. माझ्या पहिल्या आठ-नऊ वर्षांच्या वह्यांत फक्त दिसलेल्या पक्ष्यांची नावं आहेत. कोणत्या दिवशी रिकाम्या हातानं परतलो ते कुठंच लिहिलेलं नाही. आज त्या वह्या काढून थिरथिरा आधीपेक्षा उशिरा यायला लागलाय का, हे शोधायचं म्हटलं तर शोधता येत नाही. त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

दुसरं, तारीख इंग्रजी महिन्याचीच लिहा. आपल्याकडं जुनेजाणते लोक ‘गौरी-गणपतीत दिसला’, ‘घटस्थापनेला भोरड्या आल्या’ असं सांगतात. ऐकायला गोड वाटतं, पण तुलना करायला उपयोगाचं नाही. गणेश चतुर्थी २०२० साली २२ ऑगस्टला होती आणि २०२३ साली १९ सप्टेंबरला. चार आठवड्यांचा फरक. पक्षी दिवस किती लहान झाला त्यावर निघतो, अधिक महिना धरून नाही. गावातल्या आजोबांनी असं काही सांगितलं तर ते जरूर लिहून घ्या, पण साल विचारा आणि तारीख काढून शेजारी लिहा.

आता नोंद दिसते कशी, ते दाखवतो. आमच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारा संदेश असा असतो: ‘आज तलावावर मज्जा आली, भरपूर बदकं!’ सोबत सूर्योदयाचा फोटो. लिहिणाऱ्याचा आनंद खरा आहे, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. हीच सकाळ अशी लिहिता येते:

‘२२ सप्टेंबर. गावाच्या पूर्वेचा पाझर तलाव. सकाळी ६.४० ते ७.५०, काठानं पायी साधारण १ किमी, आम्ही दोघं. रात्री पाऊस, सकाळी ढगाळ, वारा नाही. ठिपकेवाली तुतारी ७, हिरवी तुतारी २, सामान्य तुतारी १. माळ भिंगरी तारेवर ४० च्या आसपास. पिवळा धोबी ३. बदकं ५, लांब होती, बहुतेक गार्गनी, खात्री नाही. पांढरा धोबी शोधला, दिसला नाही.’

शेवटची दोन वाक्यं मला सगळ्यात आवडतात. आणि आकडा लिहिताना घाबरू नका. भोरड्यांचा थवा आला की आधी एका कोपऱ्यातल्या वीस मोजा, त्या वीस पक्ष्यांनी केवढी जागा घेतली ते डोळ्यांत ठेवा, आणि तशा किती जागा भरतात ते बघा. चूक होईल, पण ‘खूप’ या शब्दापेक्षा ‘साधारण ६००’ हे कितीतरी बरं. तीन मैत्रिणी एकत्र गेला असाल तर यादी एकच करून तिघींनी वाटून घ्या. नाहीतर एकच थवा तीन वेळा मोजला जातो.

खात्री नसेल तर काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. जितकी खात्री आहे तितकंच लिहायचं, आणि तितकं मात्र लिहायचंच. सप्टेंबरात येणारी बदकं हे चांगलं उदाहरण आहे. गार्गनी, तलवार बदक, थापट्या यांचे नर तेव्हा विणीचा रंग टाकून मादीसारखे तपकिरी झालेले असतात. पुस्तकातलं नराचं देखणं चित्र घेऊन तलावावर गेलात तर एकही नर सापडणार नाही. थापट्या चोचीवरून कळतो, बाकीच्यांचे पंख उघडेपर्यंत थांबावं लागतं. थांबून नाही कळलं तर ‘बदक, प्रजाती नक्की नाही, ५’ ही पूर्ण प्रामाणिक नोंद आहे.

माळावरचे भोवत्या हे शिकारी पक्षी तर भल्याभल्यांना चकवतात. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या यांच्या माद्या आणि पिल्लं लांबून सारखीच दिसतात. मानेभोवती फिकट कंठपट्टी ठळक आहे का, तिच्यामागं गडद रंग आहे का, हे बघायला उजेड आणि अंतर दोन्ही अनुकूल लागतं. माझ्या यादीत आजही दरवर्षी ‘पांढुरका किंवा माँटेग्यू’ अशा नोंदी असतात, आणि त्या तशाच राहतात. वटवट्यांच्या बाबतीत कान डोळ्यांपेक्षा उपयोगी पडतो. बाभळीच्या किंवा घाणेरीच्या गचपणातून ‘टक्… टक्…’ असा दगडावर दगड आपटल्यासारखा आवाज सप्टेंबरात यायला लागला की ब्लाइथ्स रीड वॉर्बलर आला असं समजायला हरकत नाही; तो बाहेर येऊन दर्शन देईलच असं नाही. मोबाइलवर अर्धा मिनिट आवाज टिपून ठेवा. धूसर फोटोपेक्षा स्वच्छ आवाज कितीतरी वेळा जास्त बोलतो. फक्त उलट प्रकार करू नका, म्हणजे मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढू नका. हजारो किलोमीटर उडून आलेला तो जीव तिथं पोट भरायला थांबलेला असतो.

धूसर फोटोला आम्ही ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणतो आणि तो लाजण्यासारखा अजिबात नाही. तुमच्याच फोटोतून ती भुवई दिसली ना!

नोंद कुठं ठेवायची? ग्रुपवर टाकाच, कारण ‘काल तुमच्याकडं आला, आज आमच्याकडं बघतो’ यातला उत्साह दुसरीकडं मिळत नाही. पण ग्रुपवरचा संदेश आठवड्यात वाहून जातो. म्हणून तीच यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेनं ते २००२ साली सुरू केलं आणि भारतातले नोंदकर्ते आता मोठ्या संख्येनं वापरतात. तिथं वेळ, अंतर आणि माणसं किती हे विचारलं जातं, आणि ‘ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेत का?’ असाही प्रश्न येतो. त्याला ‘हो’ म्हणता येईल अशी पंधरा मिनिटांची यादी करा. कावळा, साळुंकी, होला सगळं त्यात लिहा. यादी संपूर्ण असेल तरच यादीत नसलेला पक्षी ‘नव्हता’ असं धरता येतं. वेळेआधी आलेला किंवा दुर्मिळ पक्षी भरलात तर परीक्षक तपशील विचारतील. तेही आपल्यासारखेच पक्षीमित्र असतात, स्वतःचा वेळ देऊन हे काम करतात. ‘कपाळ पांढरं, पाठ करडी, ३० फुटांवरून दोन मिनिटं पाहिला’ असं लिहिलं की बहुतेक वेळा काम होतं.

अशा नोंदींतून काय निघतं म्हणाल, तर पाहुण्यांच्या आगमनाच्या तारखा गोळा करण्यासाठी २००७ साली ‘मायग्रंटवॉच’ हा देशव्यापी उपक्रम सुरू झाला होता आणि तो सर्वस्वी सामान्य माणसांच्या नोंदींवर चालला. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, त्यात ९४२ प्रजातींचा विचार केला होता, आणि त्यामागं सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी होत्या. ज्या ३३८ प्रजातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला, त्यातल्या सुमारे ६० टक्के घटताना दिसल्या. एवढा मोठा देश, पण बहुतेक नोंदी शहरांभोवती आणि नावाजलेल्या तलावांवर गोळा झालेल्या असतात. इंदापूरच्या आतल्या गावातला एखादा बंधारा वर्षभर, दर आठवड्याला बघणारं माणूस क्वचित भेटतं. ते तुम्ही आहात.

तुमच्या तालुक्याचं म्हणून एक खास सांगायला हवं. उजनी धरणाच्या काठावरच्या भिगवण-कुंभारगावला सप्टेंबर-ऑक्टोबरात येऊन ‘यंदा पक्षीच नाहीत’ असं म्हणत परतणारे मी दरवर्षी बघतो. तेव्हा उजनीचं पाणी काठोकाठ असतं. चिखलच उघडा नाही तर तुतारी आणि चिखल्या उतरणार कुठं? त्या त्या दिवसांत छोट्या पाझर तलावांवर, बंधाऱ्यांच्या उथळ टोकांना आणि पाणी साचलेल्या शेतांत असतात. पुढं पाणी उतरत गेलं की उजनीचे चिखलपट्टे उघडे पडतात, आणि रोहित पक्ष्यांची गर्दी साधारण डिसेंबरनंतर होते. म्हणजे नावाजलेली जागा शरदात गप्प असते तेव्हा तुमचा बंधारा बोलत असतो. पाण्याची पातळी दर वेळी लिहा. अमुक दगड पाण्यात आहे की बाहेर, एवढं लिहिलं तरी पुरे.

आता जागा सांगण्याबद्दल. याबाबत माझं मत ठाम आहे आणि ते एका चुकीतून झालंय. दहा-एक वर्षांपूर्वी नोव्हेंबरात, पुण्याच्या पूर्वेला एका माळावर गुडघाभर वाळल्या गवतातून चालत होतो. पाच-सहा पावलांवर गवतात काहीतरी हललं म्हणून थांबलो. जमिनीला चिकटून शॉर्ट-इअर्ड आउल बसलं होतं. गवताच्याच रंगाचं अंग, आणि काजळ घातल्यासारख्या काळ्या कडांमध्ये पिवळेधमक डोळे, माझ्याकडंच रोखलेले. मी एक पाऊल मागं घेतलं. मग बाजूला दुसरं दिसलं, तिसरं, चौथं. उत्तरेकडून आलेली ती घुबडं दिवसा अशी जमिनीवर विसावतात. संध्याकाळी आनंदाच्या भरात मी नकाशावरच्या खुणेसकट ती जागा सगळ्यांना पाठवली. रविवारी पुन्हा गेलो तर माळावर अकरा गाड्या होत्या. गवतात चाकांचे माग पडले होते, लोक रांग धरून चालत पक्षी उठवत होते, आणि भर दुपारी हवेत उडवलेल्या घुबडामागं कावळे लागले होते. मंगळवारी तिथं एकही घुबड नव्हतं. त्या हंगामात ती परत दिसली नाहीत. कॅमेरे घेऊन आलेल्यांना मी दोष देत नाही, पत्ता मी दिला होता.

तेव्हापासून मी असं करतो. तुतारी, धोबी, भिंगरी, बदकं यांची जागा मोकळेपणानं सांगतो. बघायला जास्त माणसं आली तर त्या तलावाचं भलंच होतं. जमिनीवर विसावणारी घुबडं, संध्याकाळी गवतात एकत्र उतरणारे भोवत्या, आणि गर्दी झाली तर पळून जाईल असा एखादा दुर्मिळ पक्षी असेल, तर फक्त तालुका सांगतो, तोही पक्षी गेल्यावर किंवा महिनाभरानं. ई-बर्डवर यादी काही दिवस उशिरा भरली तरी तिची तारीख खरीच राहते, म्हणून विज्ञानाचं काही नुकसान होत नाही. माळढोकासारख्या पक्ष्यांच्या जागा तर तिथं मुळातच झाकलेल्या असतात. आणि मोबाइलचा फोटो मूळ फाइल म्हणून पाठवला तर त्याच्यासोबत जागाही जाऊ शकते. ते आधी बंद करा.

परतीच्या पावसाच्या दिवसांत आणखी एक गोष्ट तुमच्या शाळेतच घडू शकते. बरेच पक्षी रात्री प्रवास करतात. वादळी रात्रीनंतर सकाळी व्हरांड्यात किंवा खिडकीच्या काचेखाली दमलेला नवरंग पक्षी सापडतो. मुलांना हात लावू देऊ नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी कापड घाला, पक्षी आत ठेवून खोकं अंधाऱ्या शांत जागी ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. तास-दोन तासांत तरतरीत झाला तर झाडी असलेल्या ठिकाणी खोकं उघडा. पंख लोंबत असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि ही नोंदही लिहा. पायात धातूचं कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर रंग कोणता, कोणत्या पायात, वर की खाली, आणि अक्षरं कोणती हे टिपून बीएनएचएसला, म्हणजे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, कळवा. मंगोलियात गळपट्टी घातलेल्या पट्टकादंब हंसांच्या पट्टीवरची अक्षरं दख्खनच्या तलावांवर वाचली गेली आहेत, तेही काठावर उभ्या असलेल्या हौशी माणसांनी.

नोव्हेंबरात मान वर ठेवा. अमूर ससाणे ईशान्य भारतातून निघून आपल्यावरून अरबी समुद्राकडं आणि पुढं आफ्रिकेत जातात. २०१२ साली नागालँडच्या दोयांग जलाशयावर त्यांची जाळी लावून प्रचंड शिकार झाली होती, आणि पुढच्याच वर्षी त्याच गावकऱ्यांनी ती थांबवली. त्यातल्या काही ससाण्यांच्या पाठीवर २०१३ साली उपग्रह-यंत्रं बसवली म्हणून त्यांची वाट आपल्याला नीट कळली. याच सुमारास पिवळसर चतुरांचे थवेही समुद्रापार जातात आणि ससाणे वाटेत त्यांच्यावर जगत असावेत असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणून आकाशात लहान ससाण्यांचा थवा दिसला तर पाय बघा, अमूरचे केशरी-लाल असतात, हॉबी या दुसऱ्या लहान ससाण्याचे पिवळे. आणि खाली शेतावर चतुर किती आहेत तेही लिहा. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. शाळेतल्या मुलांना बंधाऱ्यावर न्यायला याहून बरा मुहूर्त नाही. तोवर चक्रवाकही आलेले असतील.

तुमची २१ ऑगस्टची यादी पुन्हा भरा. पांढऱ्या धोब्याच्या जागी ‘पांढऱ्या भुवईचा धोबी, पिल्लू, १’ असं लिहा आणि तोच फोटो जोडा. या रविवारी सकाळी बंधाऱ्यावर जाल तेव्हा सांडव्याच्या खालच्या ओल्या दगडांवर दहा मिनिटं नजर ठेवा. करडा धोबी तिथं असायला हवा: लांबलचक शेपटी सतत खालीवर, शेपटीखाली पिवळा रंग, उडताना ‘च्झिट्’ असा धातूसारखा आवाज. दिसला तर मला कळवा. नाही दिसला तर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत शोधला, ते कळवा.